तिरकामठ्याची काडी कोणाची?



९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची रॅली आपण काढतो. यंदाच्या रॅलीत मी एक काम केलं. पोरांच्या हातातले तिरकामठे मोजले. अकरा निघाले. त्यातले सात थर्माकोलचे, सोनेरी कागद लावलेले. तीन नळाच्या प्लास्टिक पाईपाचे, नायलॉनची दोरी बांधलेली. खरा एकच होता. तो माझ्या आज्याचा. घराच्या आढ्याला खोसून ठेवलेला, धुरानं काळा झालेला, दोरी तुटलेली. पुढे फ्लेक्सवर मात्र भला मोठा धनुष्यबाण छापलेला, त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढाऱ्यांचे फोटो.

रॅली संपल्यावर मी घरी मामाला म्हणालो, "मामा, तुमी तर पोरांसाठी कामठे करनार होते. काय झालं?"

मामा खाली मान घालून बोलला, "मले भेव वाट्टे बापू. मागच्या खेपी दोन काड्यांपायी पाचशे रुपये गेले. कुऱ्हाडबी गेली."

ही गोष्ट घरातली आहे, पण सांगतो, कारण ती प्रत्येक घरातली आहे. मामानं नाल्याकाठच्या धामणीच्या दोन काड्या तोडल्या. एक कुऱ्हाडीच्या दांड्याला, एक पोराच्या कामठ्याला. वाटेत गार्ड भेटला. गुन्हा दाखल करतो, पीओआर फाडतो, म्हणाला. मामा घाबरला. पाचशे दिले. पावती मागितली नाही, मिळाली नाही. गार्ड कोण, बीट कोणती, ते मी लिहीत नाही. भांडण त्या एका माणसाशी नाही. उद्या तो बदलून जाईल, दुसरा येईल, आणि मामा तसाच घाबरलेला राहील. भांडण त्या भीतीशी आहे.

म्हणून या अंकात मी एकच गोष्ट मांडतो. स्वतःच्या वापराची काडी गावच्या जंगलातून आणणं हा आपला हक्क आहे. पण तो कागदावर मागितला पाहिजे आणि गावानं स्वतःच्या नियमात बांधला पाहिजे. रात्री चोरून आणलेली काडी आपल्यालाच चोर ठरवते. ग्रामसभेत ठरवून, दिवसाउजेडी आणलेली काडी गावाला मालक ठरवते. ज्या समाजाला आपल्या निशाणाचं लाकूड आणायची हिंमत नाही, त्यानं ते निशाण फ्लेक्सवर छापून काय उपयोग?

आधी झाड ओळखा

काही जण म्हणतील, जमिनीचे दावे पडून आहेत आणि हा काड्यांचं काय घेऊन बसला? त्यांना मी विचारतो, तुमच्या पोराला धामण दाखवता येते का? मी आमच्या वस्तीतल्या बारावीपर्यंत शिकलेल्या पोरांना विचारलं. साग सगळ्यांनी दाखवला. पळस दाखवला. धामण दोघांनीच दाखवली. जे झाड ओळखता येत नाही, त्याच्यावर हक्क कसा सांगणार? दाव्याच्या अर्जात लिहिणार काय?

तर ऐका. धामणीचं पान रुंद, कडेला करवतीसारखे बारीक दाते, देठाजवळ एका अंगाला थोडं वाकडं. उन्हाळ्यात बारीक पिवळी फुलं. फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळी होतात, पोरं खातात. साल ओढली की आतून चिवट धागा निघतो, त्याची दोरी वळता येते. लाकूड असं की वाकतं, पण मोडत नाही. कावडीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा, गाडीचं सामान याच लाकडाचं करत आले. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष म्हणतात. म्हणजे धनुष्याचं झाड. नाव आपण दिलेलं नाही, पोथीवाल्यांनी दिलं. पण धनुष्य कशाचं होतं ते जंगलातल्या माणसानं सांगितल्याशिवाय पोथीत आलं नसेल.

दुसरा बांबू. सातपुड्यातले भिल्ल भाऊ कामठा बांबूचाच करतात, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिरलेल्या कामटीची करतात. आपल्याकडचा बांबू भरीव, त्याला पोकळी कमी, म्हणून कामठ्याला चांगला. धावडा कठीण असतो, तो दांड्याला ठीक. सागाची काडी कामठ्याला कोणी घेत नाही, आणि सागाला हात लावायची गरजही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यावर आरोप नेहमी सागाचाच होतो.

म्हाताऱ्यांकडून विचारून घेतलं ते असं. काडी थंडीत तोडायची, दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. पावसाळ्यातल्या ओल्या लाकडाला कीड लागते. काडी सरळ पाहायची, गाठी नसलेली, मनगटापेक्षा बारीक, माणसाच्या उंचीची. झाडाचा शेंडा मारायचा नाही. बुडातून तीन-चार फुटवे आलेले असले तर त्यातला एकच घ्यायचा, बाकीचे ठेवायचे. घाव तिरपा, जमिनीलगत, एका दमात, म्हणजे खोड चिरत नाही, पाणी साचत नाही, पुन्हा फुटतं. बांबूच्या बेटात यंदाच्या कोंबाला हात लावायचा नाही. तीन वर्षांचा जून बांबू घ्यायचा, तोही बेटाच्या मधून ओरबाडून नाही. आणलेली काडी उन्हात टाकायची नाही. सावलीत, आढ्याला, महिना-दोन महिने वाळू द्यायची. मग तासायची. बांबूचा कामठा असेल तर सालीची बाजू बाहेर ठेवायची, साल तासायची नाही, तीच ताण धरते. दोरी अंबाडीची किंवा तागाची, नीट पीळ घालून.

हे सगळं आज मोजक्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. पाच-दहा वर्षांत तेही जाईल. फॉरेस्टनं कुऱ्हाड नेली तर दुसरी घेता येते. ही अक्कल गेली तर ती कोणत्या बाजारात मिळणार?

गवत कापणारे देशभक्त, काडी तोडणारे चोर

आता थोडं मागचं. १८६५ आणि १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचे कायदे केले. मग १९२७ चा भारतीय वन कायदा आला, तो अजून चालू आहे. त्या कायद्यांनी एका फटक्यात काय केलं? जे गावाचं होतं ते राखीव झालं, आणि गावातला माणूस गुन्हेगार झाला.

आपल्या शेजारचं पुसद सगळ्यांना माहीत आहे. तिथे १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह सुरू केला. म्हणजे केलं काय? परवानगी न घेता सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. इंग्रजांचा कायदा अन्यायाचा आहे, तो आम्ही मानत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. बरोबरच केलं. शाळेच्या पुस्तकात आपण जंगल सत्याग्रह वाचतो, मार्कं मिळवतो.

पण मला सांगा, ज्या कायद्याविरुद्ध विळा चालवला म्हणून देशानं ज्यांना डोक्यावर घेतलं, तोच १९२७ चा कायदा स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं माझ्या मामाच्या कुऱ्हाडीवर कसा काय चालतो? त्यांचं गवत सत्याग्रह आणि आमची काडी चोरी?

ते काय म्हणतात, आणि आपण काय सांगायचं

पहिलं म्हणणं: "जंगल सरकारचं, लाकूड सरकारचं." याला उत्तर वनहक्क कायदा २००६. हा कायदा सांगतो की आदिवासींवर आणि जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे संघटनेनं लिहिलेलं नाही, संसदेनं लिहिलेलं आहे. त्याच्या कलम ३(१) मधली तीन पोटकलमं पाठ करा. (ख) म्हणजे निस्तार आणि तसे सामूहिक हक्क. (ग) म्हणजे गौण वनउपज गोळा करणं, वापरणं, विकणं, आणि त्याची मालकी. (झ) म्हणजे गावानं परंपरेनं राखलेलं जंगल सांभाळणं आणि त्याचा कारभार करणं. अक्षराचा क्रम वेगवेगळ्या छापील पुस्तकात इकडेतिकडे असेल, तर शब्द पाहा, अक्षर नका पाहू.

गौण वनउपज म्हणजे काय, तेही कायद्यात लिहिलं आहे. त्यात बांबू आहे, झुडपी लाकूड आहे, खुंट आहेत, वेत, मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं आहेत. म्हणजे बांबूचा कामठा करायला बांबू आणणं यात वाद राहत नाही. तरी वर्षानुवर्षं फॉरेस्ट बांबूला लाकूडच म्हणत राहिलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकू देत नव्हते. मार्च २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहिलं, बांबू गौण वनउपज धरा. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. एका लहान गोंड गावानं हे करून दाखवलं. त्यांच्याकडे काही वेगळं रक्त नाही. ते दर वेळी बसले, बोलले, लिहून घेतलं, आणि एकमत होईपर्यंत उठले नाहीत.

आता धामणीचं खरं खरं सांगतो, लपवत नाही. धामण हे नाव त्या यादीत नाही. गौण वनउपज म्हणजे इमारती लाकूड सोडून. मग बारीक काडी झुडपी लाकडात धरायची की नाही, यावर उद्या ते वाद घालतील. म्हणून आपला दावा फक्त गौण वनउपजाचा करू नका. निस्ताराचाही करा, आणि त्यात नाव घालून लिहा: औताचं लाकूड, कुऱ्हाड-विळ्याचे दांडे, कावडीची काठी, तिरकामठ्याची काडी, झाडं धामण, धावडा, बांबू. मोघम "जळतण व इतर" लिहिलं, की तिरकामठा त्या "इतर"मध्ये मरतो.

दुसरं म्हणणं: "वाशीम जिल्हा पेसात नाही, इथे तुमचा हक्क नाही." अर्धं खरं, अर्धं लबाडीचं. वाशीम अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा पेसावर टांगलेला नाही. जिथे वनजमीन आहे तिथे तो लागू आहे, अभयारण्यातसुद्धा. मेडशीचा आंध, कोलाम, पारधी, गोंड काय आणि मेळघाटचा कोरकू काय, या कायद्यापुढे सारखाच. कोणी साहेब पेसाचं नाव सांगून परत पाठवत असेल, तर त्याला म्हणा, "साहेब, हे लिहून द्या." लिहून कोणी देणार नाही.

तिसरं म्हणणं: "कामठा म्हणजे शिकार." इथे मी आपल्याच लोकांना आधी बोलतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नं शिकार बंद आहे. वनहक्क कायद्यानंही शिकारीचा हक्क दिलेला नाही, उलट स्पष्ट वगळला आहे. १९७२ च्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिला आहे. काटेपूर्णा अभयारण्य आपल्या जवळच आहे. लेखी परवानगीशिवाय तिरकामठा घेऊन त्यात शिरला, तर जनावराला हात लावला नसला तरी गुन्हा होतो. म्हणून बजावतो: रॅलीचा, लग्नकार्याचा, खेळाचा कामठा घेऊन अभयारण्यात जाऊ नका. एका पोरानं ससा मारला की दहा गावांच्या दाव्याला ते बोट लावतात.

पण फॉरेस्टलाही विचारतो. धनुर्विद्या हा खेळ आहे, त्याची शाळा-कॉलेजात स्पर्धा होते. शहरातला पोरगा हजारो रुपयांचा धनुष्य घेतो, तो खेळाडू. आमचा पोरगा बांबूचा कामठा ताणतो, तो शिकारी. काडीवरून माणसाचा गुन्हा ठरतो, की माणसावरून काडीचा?

चौथं म्हणणं: "तुमी जंगल संपवता." ही गोष्ट ऐकून हसावं की रडावं कळत नाही. डोक्यावर मोळी नेणारी बाई दिसते, ट्रकभर लाकूड दिसत नाही. तरी या आरोपाला राग हे उत्तर नाही. उत्तर हिशेब आहे. वस्तीला वर्षाला काड्या लागतात किती? घरटी एक दांडा, दोन घरांत मिळून एक कामठा, असं मोजलं तरी शंभर घरांच्या गावाला दीडशे काड्या. बुडातून फुटणाऱ्या झाडाच्या दीडशे फुटव्यांनी जंगल संपत नाही. पण हा हिशेब गावाच्या वहीत पाहिजे. वही नसेल तर आपलं खरं आणि त्यांचं खोटं एकाच भावानं विकलं जातं.

आपल्या घरातलं पण बोलू

फॉरेस्टला शिव्या देणं सोपं आहे. आता आपलं.

आपले काही पुढारी वर्षातून एकदा डोक्याला पिसं लावतात, हातात थर्माकोलचा धनुष्य घेतात, फोटो काढतात. ग्रामसभेच्या दिवशी ते तालुक्याला. आपल्यातलेच काही ओली लाकडं तोडून धाब्याला आणि भट्टीला मोळीनं विकतात, आणि धरलं की "आमी आदिवासी" म्हणतात. तो हक्क नाही, तो धंदा आहे, आणि त्याची किंमत माझा मामा भरतो. काही पोरं मजेखातर बांबूचे कोवळे कोंब मोडतात. हे गावानं थांबवलं नाही, तर कायद्यानं दिलेली राखायची जबाबदारी आपण कोणत्या तोंडानं मागायची? कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, झाडं, जनावरं, पाणी राखायचा अधिकार आहे. अधिकार म्हणजे कामही.

आणि बायांना विसरू नका. जंगलात रोज जाते कोण? कोणती धामण नाल्याच्या कोणत्या वळणाला आहे, हे माझ्या आईला माझ्या बापापेक्षा जास्त माहीत आहे. कायद्यात वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया लागतात. नुसत्या सहीपुरत्या आणून बसवू नका. झाडांची यादी त्यांनाच सांगू द्या. आणि कामठा पोरींनाही ताणू द्या.

आता करायचं काय

एक. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी. समिती नुसती कागदावर असेल तर नवी निवडा. सामूहिक हक्काचा दावा आणि सामूहिक वनसंपत्तीचा दावा हे दोन वेगळे अर्ज आहेत. दोन्ही भरा.

दोन. पुरावा. फक्त जुना सरकारी कागदच पुरावा, असं नाही. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तरी नियमात ते पुरावा धरलं आहे. मात्र दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्याचं. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणून म्हाताऱ्याचा जबाब, निस्ताराची जुनी नोंद मिळाली तर ती, देवाची झाडं, कंद-फळं गोळा करायच्या जागा, हे सगळं जोडा. आढ्यावरचा जुना कामठा, कावड, दांडे समितीसमोर ठेवा, पाहणीत नोंद करायला लावा. आज्याचा कामठा मी स्वतः आणणार आहे.

तीन. गावाचा नियम लिहा. कोणत्या महिन्यात, कोणती काडी, घरटी किती, कोणाला सांगून. वहीत नाव, तारीख, झाड, जागा. विक्रीला एकही नाही. मोडेल त्याला गाव दंड करेल, आणि पावती देईल. होय, पावती. आपण पावती दिली तरच त्यांच्याकडे मागायला तोंड राहील.

चार. दावा दिला की पोच घ्या. उपविभागाच्या समितीकडे गेला की तारीख लिहून ठेवा. पोच नाही तर दावा नाही.

पाच. हक्काचा कागद हातात येईपर्यंत राखीव जंगलात कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. तोवर आपल्या बांधावरची धामण घ्या. खाजगी जमिनीवरच्या झाडांचा १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, खैर, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडं आहेत, ती परवानगीशिवाय तोडायची नाहीत. धामण आणि धावडा त्या यादीत नाही. ई-क्लासातलं झाड महसूलचं, तिथे तहसीलला लेखी विचारा. बांधावर धामण नसेल तर येत्या पावसात लावा. आपल्या पोराला कामठा मिळेल एवढी ती वाढेल.

सहा. कोणी अडवलं तर पळू नका, हात उचलू नका. नाव, गाव सांगा. पंचनामा करा म्हणा, त्याची प्रत मागा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. दुसऱ्या दिवशी समितीत लिहून द्या. हक्क मिळाल्यावर कोणी अधिकारी तो मोडत असेल, तर कलम ७ खाली त्यालाही हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यासाठी ग्रामसभेनं ठराव करून राज्यस्तरीय समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची असते. दंड लहान आहे, पण दंड त्यांना, हे लक्षात घ्या.

शेवटचं मामाबद्दल. हा लेख लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "सगळं खरं हाय, पन ग्रामसभेत पयल्यांदा बोलन कोन?" मी म्हणालो, "तुमीच." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून आढ्यावरचा कामठा काढला, हात फिरवला आणि म्हणाला, "याले दोरी तर लावून घेऊ आधी." काल संध्याकाळी अंगणात बसून त्यानं अंबाडीची दोरी वळली. चार पोरं भोवती बसून पाहत होती.

तर पुढच्या ९ ऑगस्टला मी पुन्हा तिरकामठे मोजणार आहे. थर्माकोलचा एकही नको. आणि ज्याच्या हातात खरा असेल, त्याला मी दोनच गोष्टी विचारणार: काडी कोणत्या झाडाची, आणि गावाच्या वहीत ती कोणत्या पानावर लिहिली.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा. वाचून झालं की अंक शेजारच्या गावात द्या, चुलीत घालू नका.

जोहार!